नेम अचूक, पण नोंद?

२३ जुलै २०२१. टोकियो ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाचा दिवस. सोहळा सुरू व्हायच्या आधीच युमेनोशिमा मैदानावर तिरंदाजांची मानांकन फेरी पार पडली. प्रत्येकाने सत्तर मीटरवरून ७२ बाण मारायचे, ७२० पैकी किती गुण पडतात ते पाहायचे, एवढाच तिचा अर्थ. भारताच्या पुरुषांमध्ये सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव ६५६ गुणांसह पहिला आला. अतनू दासला ६५३ आणि तरुणदीप रायला ६५२ गुण मिळाले.

६५६ आणि ६५३, म्हणजे ७२ बाणांमध्ये अवघ्या तीन गुणांचा फरक. पण त्या तीन गुणांनी फार मोठा निर्णय झाला. मिश्र दुहेरीत दीपिका कुमारीबरोबर कोण उतरणार, हे या फेरीवरून ठरायचे होते. दीपिका आणि तिचा पती अतनू यांनी त्याच्या आदल्याच महिन्यात पॅरिसच्या विश्वचषक स्पर्धेत या प्रकारात सुवर्णपदक जिंकले होते. तरीही दुसऱ्या दिवशी दीपिकाशेजारी उभा राहिला तो मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा प्रवीण. या जोडीने चिनी तैपेईला हरवले आणि उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून हार पत्करली.

ज्या खेळात तीन गुणांवर ऑलिंपिकमधली जागा ठरते, त्या खेळात गुण मिळवण्याइतकेच ते नीट लिहिणेही महत्त्वाचे असते. गावोगावच्या स्पर्धांत हे लिहिण्याचे काम बहुधा खेळाडूंनाच करावे लागते, आणि घोळ होतो तो नेमका तिथेच.

आधी लिहा, मग उपटा

तिरंदाजीचे लक्ष्य १२२ सेंटिमीटर व्यासाचे असते. बाहेरच्या पांढऱ्या वर्तुळाला एक गुण आणि आत जाता जाता मधल्या पिवळ्याला दहा. त्या दहाच्या आत आणखी एक छोटे वर्तुळ असते. त्यातल्या बाणालाही दहाच गुण मिळतात, पण कागदावर त्याची नोंद दहा अशी न करता इंग्रजी ‘एक्स’ अशी करतात. लक्ष्य चुकलेल्या बाणासाठी ‘एम’ लिहितात. शून्य लिहायचे नाही आणि रकाना रिकामाही सोडायचा नाही.

एका लक्ष्यावर तीन-चार खेळाडू असतात. सहा-सहा बाण मारून झाले की सगळे मिळून लक्ष्याकडे जातात. खेळाडू आपले बाण मोठ्या गुणापासून लहान गुणाकडे मोठ्याने सांगतो. ‘एक्स, दहा, नऊ, नऊ, आठ, सात.’ लिहिणारा लिहितो आणि बाकीचे नजरेने पडताळतात. हे सगळे होईपर्यंत बाणाला किंवा लक्ष्याच्या कागदाला कोणीही हात लावायचा नाही, हा पहिला दंडक. कारण उघड आहे. बाण उपटला की पुरावा गेला.

बाण दोन वर्तुळांमधल्या रेषेला टेकला असेल तर मोठा गुण मिळतो. टेकला की नाही यावर एकमत झाले नाही तर वाद न घालता पंचांना बोलवावे. ते दोन्ही बाजूंनी पाहून निर्णय देतात आणि तो अखेरचा असतो. एक बाण दुसऱ्या बाणाच्या शेपटीत रुतून बसला तर पहिल्या बाणाचा गुण दुसऱ्यालाही मिळतो. चुकून सहाऐवजी सात बाण मारले गेले तर सर्वांत कमी गुणांचे सहाच धरतात. शेजारच्या लक्ष्यावर गेलेला बाण, मग तो थेट दहावर का लागेना, चुकलेलाच.

नोंद झाल्यावर बाण उपटण्यापूर्वी प्रत्येक भोकापाशी पेनने खूण करायची असते. कंटाळा येतो म्हणून मुले हे टाळतात. पण पुढच्या वेळी एखादा बाण लक्ष्यावर आपटून खाली पडला, तर तो कुठे लागला हे खूण नसलेल्या भोकावरूनच कळते.

खाडाखोड नको

लिहिताना चूक झाली तर काय करावे? बाण अजून लक्ष्यातच असतील आणि त्या लक्ष्यावरच्या सर्व खेळाडूंना चूक मान्य असेल, तर ती दुरुस्त करता येते. त्या दुरुस्तीशेजारी सर्वांनी आद्याक्षरे करायची. अंक गिरवून आठचा नऊ करू नये. सरळ रेघ मारून नवा आकडा लिहावा. मतभेद असेल तर पुन्हा पंचच.

मराठी शाळेतल्या मुलांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. आपला देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ दिसायला जवळजवळ सारखेच. कार्डावर दोन्ही पद्धतींची सरमिसळ झाली तर एका रकान्यात आठ गुणांचा घोटाळा होऊ शकतो. इंग्रजी एक आणि सात यांचेही तसेच. अंक सुटे आणि ठसठशीत काढण्याची सवय लावून घेतलेली बरी.

बेरजेसाठी एक सोपी युक्ती आहे. सहा बाणांचे जास्तीत जास्त साठ गुण. वरच्या उदाहरणात ‘एक्स’ आणि दहाने काहीच घालवले नाही, दोन नवांनी एकेक, आठाने दोन आणि सातने तीन गुण घालवले. एकूण सात गेले, म्हणजे उरले ५३. एकदा सरळ बेरीज करावी आणि एकदा अशी वजाबाकी. दोन्ही उत्तरे जुळली की निर्धास्त व्हावे.

शेवटी एकूण गुण, दहांची संख्या आणि ‘एक्स’ची संख्या भरायची. दहांच्या रकान्यात ‘एक्स’ही मोजतात, हे पुष्कळ नवख्यांना ठाऊक नसते. दोघांचे गुण समान झाले तर आधी दहा किती आणि मग ‘एक्स’ किती, हे पाहून क्रम लावला जातो. म्हणून हे रकाने शोभेचे नव्हेत.

सही म्हणजे कबुली

गुणपत्रकावर खेळाडूची सही लागते. सही केली म्हणजे प्रत्येक बाणाचा गुण, बेरीज, दहा आणि ‘एक्स’ सारे मान्य केले. सही नसलेले किंवा बेरीज चुकलेले पत्रक स्वीकारण्याचे बंधन आयोजकांवर नसते. दोन कागदी पत्रके ठेवली असतील आणि त्यांत तफावत निघाली तर कमी गुणांचे पत्रक ग्राह्य धरतात.

सहीची किंमत किती असते ते गोल्फच्या इतिहासात दिसते. १४ एप्रिल १९६८ रोजी अर्जेंटिनाचा रॉबर्टो दे व्हिसेन्झो अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धेत अखेरची फेरी खेळत होता. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. सतराव्या होलवर त्याने तीनच फटके मारले, पण त्याचे कार्ड लिहिणाऱ्या सहखेळाडूने चार मांडले. रॉबर्टोने न तपासता सही केली. वास्तविक त्याची बॉब गोल्बीशी बरोबरी झाली होती आणि विजेतेपदासाठी दोघांना पुन्हा खेळावे लागले असते. पण नियमानुसार सही केलेला आकडाच कायम राहिला आणि गोल्बी एका फटक्याने विजेता ठरला. सारे जग पाहत होते, तरी उपयोग झाला नाही.

घरच्यांचे काम

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले, तरी प्रतिस्पर्ध्याचे १४९ होते. अशा यशामुळे धनुष्य हाती घेण्याची इच्छा अनेक घरांत जागी होते. महागडे साहित्य घेण्यापूर्वी पालकांना एक बिनखर्चाची मदत करता येईल. सरावाच्या दिवशीही कार्ड भरायला लावावे, आईने किंवा धाकट्या भावंडाने गुण पुकारावेत आणि संध्याकाळी बेरीज तपासावी. स्पर्धेत मात्र पालकांना लक्ष्याजवळ जाता येत नाही. तिथे मुलाने स्वतःच बोलायला शिकले पाहिजे. ‘थांबा, माझा तो बाण नऊ आहे, पंचांना बोलवूया,’ हे वाक्य मोठ्या मुलांसमोर न घाबरता म्हणता येणे हाही सरावाचाच भाग आहे. तितकेच महत्त्वाचे दुसरे वाक्य : ‘माझा नऊ लिहिलाय, पण तो आठच आहे.’

सातारा असो की श्रीपेरुंबुदूर, आखाडा बदलला तरी हे नियम तेच राहतात. सुटलेला बाण परत येत नाही असे आपण म्हणतो. केलेल्या सहीचेही तसेच आहे. म्हणून पेनचे टोपण काढण्यापूर्वी पत्रक वरपासून खालपर्यंत एकदा वाचावे. त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.