जुना थिंकपॅड की नवा आय-थ्री? परभणीतल्या पंधरा वर्षांचा हिशेब

परभणीत लॅपटॉप घ्यायला निघालेल्या माणसापुढचा पेच गेली पंधरा वर्षं तोच आहे. खिशात पंचवीस-तीस हजार. त्यात दुकानातला सगळ्यात स्वस्त नवा लॅपटॉप येतो, खोक्यासकट आणि वर्षाच्या वॉरंटीसकट. नाहीतर त्याहून कमी पैशांत एखाद्या बड्या कंपनीत तीन-चार वर्षं राबलेला, नवा असताना लाखाच्या आसपास किंमत असलेला थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक मिळतो. पेच तोच राहिला, उत्तर मात्र दर चार-पाच वर्षांनी पालटलं. ते पालटण्यात प्रोसेसरइतकाच हात विजेचा, उन्हाचा आणि रेल्वेचाही होता.

सुरुवात विजेपासून करावी लागते. २०१० च्या आगेमागे मराठवाड्यातलं भारनियमन ज्यांनी काढलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. एमएस-सीआयटीच्या क्लासात डेस्कटॉप रांगेने मांडलेले असत आणि लाइट गेली की यूपीएस चिरकायला लागे. त्या दिवसांत लॅपटॉप घेणारा बॅटरीसाठी घेत होता, मिरवायला नव्हे. तेव्हाचं स्वस्त आणि नवं म्हणजे नेटबुक. असूसचा ईईई पीसी २००७ मध्ये आला, २००८ मध्ये एचसीएलने मायलीप आणला. दिसायला गोंडस, वजनाला हलके, पण सात इंची पडद्यावर कोरल ड्रॉ उघडून श्रीलिपीत लग्नपत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याचे डोळे फुटायची पाळी येई. जुन्या मालाचा बाजार तेव्हा इथे नावालाच होता. ज्याच्याकडे जुना लॅपटॉप दिसे, त्याचा पुतण्या नाहीतर जावई हमखास पुण्याला असे.

माल खऱ्या अर्थाने यायला लागला तो रेल्वेने. आयटी कंपन्या लॅपटॉप बहुधा तीन वर्षांच्या भाडेकराराने घेतात. मुदत संपली की हजारोंचे लॉट एकदम बाहेर पडतात आणि दिल्लीचं नेहरू प्लेस, सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर, मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा बाजारांत पोचतात. आता परभणी जंक्शनचं वेळापत्रक आठवा. देवगिरी एक्सप्रेस एकीकडे मुंबईला, दुसरीकडे सिकंदराबादला जोडते. सचखंड दिल्लीहून थेट येते. रात्री बसायचं, सकाळी सिकंदराबादला उतरायचं, दोन पिशव्या भरून रात्रीच्या गाडीने परत. विमानतळ नसलेल्या या गावाला जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत पुण्यामुंबईइतकाच चांगला माल मिळत गेला, तो या रुळांमुळे.

२०१४ ते २०२० हा जुन्या मालाचा सुवर्णकाळ, असं मी बेधडक म्हणेन. थिंकपॅडचे टी४२० आणि टी४३०, डेलचा लॅटिट्यूड ई६४२० ही २०११-१२ ची मॉडेलं तेव्हा पंधरा-वीस हजारांत हाती येत होती. समोर नवं काय होतं? २०१६ मध्ये आयबॉलचा कॉम्पबुक ९,९९९ रुपयांना आला, त्याच वर्षी हैदराबादच्या आरडीपीने थिनबुक त्याच किमतीला काढला. दोन्हींत २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण. विंडोज १० चा मोठा अपडेट आला की ३२ जीबीत तो मावेना, मग फोटो उडवा, फायली उडवा. त्याहून वरचे, पंचवीस-अठ्ठावीस हजारांचे नवे लॅपटॉपही सेलेरॉन किंवा पेंटियमचे आणि आत संथ हार्ड डिस्क. चालू केला की चहा करून यावं, तरी पडद्यावर चकली फिरतेच आहे. पाच वर्षांचा जुना आय-फाइव्ह त्यापुढे तरणाबांड वाटे. २०१८-१९ च्या सुमारास एसएसडी दोन-अडीच हजारांत मिळू लागली आणि उरलासुरला प्रश्नही मिटला. हार्ड डिस्क काढा, एसएसडी बसवा, फॉरमॅट मारा, की जुनं मशीन नव्याला मागे टाकत होतं.

हे लॅपटॉप टिकले का, ते पाहायचं तर दुरुस्तीवाल्याच्या टेबलाशी थोडा वेळ उभं राहावं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला, आणि मानवत-सेलूकडून आलेला एक लॅटिट्यूड पंख्याचा घरघर आवाज करत बंद पडतोय. कारागीर पालथा घालून पाच-सहा स्क्रू काढतो, खालची पाटी उचलतो. पंख्याच्या तोंडाशी करड्या रंगाची, बोटभर जाडीची वळकटी: धूळ आणि कापसाचे तंतू. जिनिंगच्या आसपास चालणाऱ्या मशीनचं हे ठरलेलं दुखणं. चिमट्याने वळकटी निघते, ब्रश फिरतो, प्रोसेसरवर नवी पेस्ट लागते, पाटी बसते. "झालं सर. दोनशे द्या." हेच काम त्या काळच्या चपट्या, स्वस्त नव्या लॅपटॉपवर करायचं तर आधी कीबोर्ड उचकटा, मग प्लास्टिकच्या खिट्ट्या सांभाळा, त्यातली एक तरी तुटणारच. वर सर्व्हिस सेंटरचा विषय निघाला की नांदेड नाहीतर औरंगाबाद. वॉरंटी कागदावर असते, पण जाऊन-येऊन मोडणारा दिवस आपला असतो.

जुन्याचं सगळंच गोड नव्हतं. सगळ्यात लंगडी बाजू बॅटरी. आधीच्याच्या हाती निम्मा जीव गेलेला, वर आपलं ऊन. डुप्लिकेट बॅटरी सहा-आठ महिन्यांत फुगायची. चार्जरचीही तीच कथा. दुसरा धोका बायोस पासवर्डचा. कंपनीने घातलेलं कुलूप तसंच ठेवून मशीन विकलं जाई आणि गिऱ्हाइकाला ते सहा महिन्यांनी कळे.

मग २०२० आलं. शाळा मोबाइलवर गेल्या, पुण्याहून पोरं कंपनीचे लॅपटॉप घेऊन घरी आली, आणि गावाकडच्या ओट्यावर, आंब्याखाली बसून काम करू लागली. जिंतूर-पाथरीच्या खेड्यांत अनेकांनी पहिल्यांदाच चांगल्या कीबोर्डावर बोटं ठेवली ती तेव्हा. बाजारात नवा माल नव्हता, म्हणून जुन्याला सोन्याचा भाव आला आणि एरवी भंगारात गेलं असतं तेही पुसून-पासून विकलं गेलं. त्या वर्षात घेतलेल्या जुन्या लॅपटॉपांबद्दल तक्रारी जास्त ऐकू येतात, त्याचं कारण हे.

खरा घाव मात्र मायक्रोसॉफ्टने घातला. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि त्यासोबत अट: इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची, शिवाय टीपीएम २.० हवंच. लाडका टी४३० तिसऱ्या पिढीचा. चालतोय ठणठणीत, पण दारात उभं करत नाहीत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वैयक्तिक वापरासाठी सुरक्षा अपडेटची वर्षभर मुदतवाढ आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. ज्याचं काम टायपिंगपुरतं आहे त्याचं यात फारसं अडत नाही. पण सीएससी, म्हणजे सेवाकेंद्र चालवणाऱ्याचं अडतं. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा सुरू झाला, तेव्हा जुलैअखेरीस या केंद्रांवर झालेली गर्दी आठवते? दिवसा सर्व्हर चालेना म्हणून रात्र-रात्र अर्ज भरले जात होते. आधार, सातबारा, बँक पासबुक, सगळं त्याच मशीनवर. तिथे सुरक्षा अपडेट नसलेला लॅपटॉप ठेवणं म्हणजे शेतकऱ्याचे कागद उघड्यावर टाकणं.

त्याच सुमारास नव्यानेही कात टाकली. बाराव्या पिढीचा आय-थ्री सहा कोअरचा आला, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीसह पस्तीस-चाळीस हजारांत. निव्वळ वेगात तो २०१८ च्या टी४८० ला मागे टाकतो. जिओबुकही २०२३ मध्ये १६,४९९ ला आला, पण त्यात विंडोज नाही, त्यामुळे टायपिंग परीक्षेच्या पोरांना आणि सेवाकेंद्रांना त्याचा उपयोग बेताचाच. म्हणजे पंचवीस हजारांच्या खाली अजूनही जुनाच सरस, आणि पस्तीसच्या वर नवा. मधल्या पट्ट्यात पारडं कीबोर्ड, बिजागरी आणि रॅम वाढवायची सोय यांवर झुकतं, आणि तिथे टी४८० अजून दणकट आहे: रॅमच्या दोन जागा, आत एक आणि बाहेर एक अशा दोन बॅटऱ्या, बाहेरची लगेच बदलता येणारी. २०२५ सरता-सरता जगभर मेमरीचे भाव भडकले, तेव्हा रॅम आधीच भरलेला जुना लॅपटॉप हाती असणं फायद्याचं ठरलं.

तर आज कुणी विचारलंच, तर माझं उत्तर असं. सातव्या पिढीपर्यंतचं काहीही, कितीही स्वस्त मिळालं तरी, विंडोजसाठी घेऊ नका. आठवीच्या पुढचा बिझनेस लॅपटॉप घेताना दुकानातच बायोस उघडून दाखवायला सांगा, बॅटरीची मूळ आणि आजची क्षमता पडद्यावर पाहा, बिजागरी दोनदा उघडमीट करा. पुण्यात नाहीतर हैदराबादला शिकणाऱ्या मुलासाठी घेत असाल आणि ऐपत असेल, तर नवा घ्या, तिथे सर्व्हिस सेंटर हाकेच्या अंतरावर आहे. आणि जुना असो की नवा, सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला, तर पुढच्या दुकानात जा.