जावळीचे चंद्रराव: साथ, फारकत आणि पाठलाग

जावळीचे शेवटचे चंद्रराव मोरे शिवाजी महाराजांच्या पाठबळाने गादीवर आले आणि दहा वर्षांच्या आत महाराजांच्याच फौजेने त्यांना जावळीतून रायरीवर, म्हणजे पुढच्या रायगडावर, रेटत नेले. जानेवारी 1656 मध्ये जावळी पडली. जानेवारी 2026 मध्ये त्याला 370 वर्षे पूर्ण झाली. आज महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत मोडणारा बराचसा मुलूख तेव्हा मोऱ्यांच्या अमलाखाली होता. तरीही या भागाचा इतिहास सांगताना मोऱ्यांच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते: ते फिरले आणि संपले. त्या वाक्याआधीची दहा वर्षे कळल्याशिवाय रायगडाचा जन्म कळत नाही.

‘चंद्रराव’ हे कोणा एकाचे नाव नव्हते. विजापूरच्या दरबाराने दिलेला तो किताब होता आणि जावळीच्या गादीवर बसणारा प्रत्येक मोरे तो लावत असे. आधीच्या पिढ्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. वंशावळी, वतनांचे वाद आणि आदिलशाहीची दूरची चाकरी एवढाच तो मजकूर आहे. मोऱ्यांचे खरे बळ त्यांच्या जागेत होते. सावित्रीच्या खाडीने महाडपर्यंत आलेला माल पार घाटाने वर वाईकडे जाई. पार आणि हातलोट यांसारख्या घाटवाटा, त्यांवरची जकात आणि दोन्ही बाजूंचे निबिड रान मोऱ्यांच्या ताब्यात होते. विजापूरची मोठी फौजसुद्धा या रानात शिरायला कचरत असे. आजच्या पोलादपूर तालुक्यात ढवळ्याच्या वर असलेला चंद्रगड आणि महाड तालुक्यातला कांगोरी हे याच जाळ्यातले किल्ले, आणि रायरी त्यांतला सर्वांत अवघड.

1645 नंतरच्या एक-दोन वर्षांत दौलतराव मोरे निपुत्रिक वारले आणि भाऊबंदांत गादीवरून तंटा उभा राहिला. दौलतरावांच्या पत्नीने शिवथरच्या मोऱ्यांमधला मुलगा दत्तक घेतला. हे शिवथर म्हणजे महाड तालुक्यातलेच, जिथल्या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध रचला अशी परंपरा आहे. दत्तकाचे नाव कुठे कृष्णाजी, कुठे यशवंतराव असे येते आणि त्यावरून अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र महाराजांचा हात पाठीशी असल्यामुळेच हा दत्तक टिकला. महाराज तेव्हा विशीच्याही आत होते. मावळातले एकेक देशमुख जोडून घेण्याचे त्यांचे काम सुरू होते. जावळी आपल्या माणसाकडे राहिली तर दक्षिणेची बाजू सुरक्षित राहील, हा त्यांचा हिशेब होता. चंद्ररावांना गादी मिळाली, महाराजांना शेजारी मिळाला. सौदा दोन्ही बाजूंना पटण्यासारखा होता.

हा सौदा किती नाजूक आहे, हे विजापूरलाही दिसत होते. 1649 मध्ये आदिलशाही सरदार अफझलखानाची नजर जावळीवर वळली होती आणि त्या संदर्भात त्याने मावळातले देशमुख कान्होजी जेधे यांनाही लिहिले होते. त्या वेळी महाराजांचा आधार नसता, तर नवे चंद्रराव तिथेच संपले असते. पुढे घडलेल्या गोष्टी याच पार्श्वभूमीवर वाचायला हव्यात.

कुरबूर सुरू झाली ती वतनांवरून. बिरवाडीच्या पाटिलकीचा वाद, मुसेखोऱ्यातल्या रंगो त्रिमल वाकडे या अपराधी कुलकर्ण्याला जावळीत मिळालेला आसरा, अशी ही प्रकरणे वरवर गावपातळीची होती. पण गुन्हेगाराला कोण शासन करणार, पाटिलकी कोणाच्या शब्दाने टिकणार, हा प्रश्न राज्य कोणाचे याच प्रश्नाचे दुसरे रूप होता. महाराज उभारत होते त्या व्यवस्थेत एका खोऱ्यातला अपराधी दुसऱ्या खोऱ्यात जाऊन निर्धास्त राहू शकत नव्हता. चंद्ररावांच्या समजुतीप्रमाणे जावळीतल्या आसऱ्याला हात लावण्याचा अधिकार कोणालाच नव्हता, गादी मिळवून देणाऱ्यालाही नाही. त्यांची ही समज कपटातून आलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या मुलूख राखणाऱ्या देशमुखाची ती नेहमीची समज होती आणि मावळातल्या बहुतेक वतनदारांनीही सुरुवातीला तशीच धरली होती. फरक इतकाच की जेधे, बांदल, सिलिंबकर वळले आणि मोरे वळले नाहीत.

दोघांमध्ये झालेली म्हणून जी तिखट पत्रे व्याख्यानांतून हमखास ऐकवली जातात, ती मोऱ्यांच्या बखरीतली आहेत. समकालीन कागदांत त्यांना आधार नाही. ती रंगवून सांगण्यात एक तोटा आहे: वतन आणि राज्य यांच्यातला खरा झगडा दोन मानी पुरुषांच्या शब्दाशब्दीवर येऊन थांबतो.

1655 संपता संपता महाराजांनी निर्णय घेतला. वेळ अचूक होती. विजापुरात मुहम्मद आदिलशाह आजारी होता आणि मोगलांचा दख्खनचा सुभेदार औरंगजेब गोवळकोंड्याच्या मोहिमेत गुंतला होता. कान्होजी जेध्यांच्या बरोबर बांदल, सिलिंबकर आणि इतर मावळी देशमुखांचे जमाव जावळीत उतरले. काही वर्षांपूर्वी याच वतनदारांचे एकमेकांशी हाडवैर होते. आता ते एका झेंड्याखाली, कालपर्यंत आपल्याच बाजूच्या असलेल्या माणसावर चालून जात होते. जावळी पडली आणि चंद्रराव रायरीवर गेले.

ही मोहीम कशी झाली याबाबत साधने एकमेकांशी जुळत नाहीत. 1690 च्या दशकात जिंजीत लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीनुसार महाराजांचे रघुनाथ बल्लाळ बोलणीच्या निमित्ताने जावळीत गेले आणि तिथेच चंद्ररावांना मारले. सोयरिकीच्या बहाण्याने गेलेल्या महाराजांच्या संभाजी कावजींनी चंद्ररावांचे भाऊबंद हणमंतराव मोरे यांचा काटा काढला. जेध्यांचे कागद मात्र लढाई, पाठलाग आणि रायरीची नाकेबंदी सांगतात. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी बखरीवर भर देऊन याला सरळ खून म्हटले आणि मराठी इतिहासकार पुढे कित्येक वर्षे त्याचे उत्तर देत राहिले. जेध्यांचे कागद घटनेला अधिक जवळचे, म्हणून चंद्ररावांचा शेवट रायरीनंतर झाला असे मानणे अधिक सयुक्तिक. परंतु बखरकाराला ही हकिगत लपवावीशी वाटली नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. त्याच्या दृष्टीने हे राज्यकारण होते आणि त्याची त्याला लाज नव्हती.

रायरी वैशाखापर्यंत झुंजली. गड उभ्या कड्यांचा, खाली काळ आणि गांधारी नद्यांची खोरी. वेढा घालणाऱ्यांना वर चढता येत नव्हते आणि वरच्यांना बाहेरून मदत येत नव्हती. अखेर हैबतराव सिलिंबकर मध्ये पडले आणि चंद्रराव खाली उतरले. गड हाती आला, चंद्ररावांना तेव्हा जीवदान मिळाले. पुढे त्यांचा मुधोळच्या घोरपड्यांशी गुप्त पत्रव्यवहार उघडकीस आला आणि त्यांना मारण्यात आले, अशी हकिगत आहे. 1648 मध्ये शहाजीराजांच्या कैदेत बाजी घोरपड्यांचा हात होता. त्यांच्याशी संधान म्हणजे भोसल्यांच्या जखमेवर बोट, आणि त्यानंतर अभय टिकणे शक्य नव्हते.

मोऱ्यांच्या बाजूने लढलेल्यांत मुरारबाजी देशपांडे होते, महाड परिसरातले. जावळीच्या पाडावानंतर महाराजांनी त्यांना आपल्याकडे घेतले आणि 1665 मध्ये मोगल सरदार दिलेरखानाशी लढताना ते पुरंदरावर पडले. उलट दिशेने गेले संभाजी कावजी. अफझलखानाशी प्रतापगडाखाली झालेल्या भेटीच्या वेळी महाराजांनी निवडलेल्या दहा जणांत ते होते. पुढे ते मोगलांना मिळाले आणि महाराजांच्या माणसांनी गाठून त्यांना मारले, असे बखरी सांगतात. मोऱ्यांची शिकार करणारा स्वतः शिकार झाला आणि मोऱ्यांसाठी तलवार धरणारा स्वराज्याचा हुतात्मा ठरला. या दोन आयुष्यांपुढे निष्ठावंत आणि फितूर अशी कायमची वाटणी टिकत नाही.

उरलेल्या मोऱ्यांपैकी प्रतापराव विजापूरला पळाले आणि 1659 मध्ये अफझलखानाच्या स्वारीत त्याच्यासोबत आले. मोऱ्यांचा मुलूख बळकावल्याची तक्रार खानाच्या निरोपातही होती. ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंद यांनी ती नोंदवली आहे, त्यांची समाधी पोलादपुरात आहे. खानाचा वध 10 नोव्हेंबर 1659 रोजी मोऱ्यांच्याच रानात, भोरप्या डोंगरावर नव्याने बांधलेल्या प्रतापगडाखाली झाला. जावळी हाती नसती तर ती भेट तिथे घडली नसती. 1665 मध्ये मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगाच्या बाजूलाही जावळीचे काही मोरे दिसतात. नंतर हे घराणे राजकारणातून बाजूला पडले.

त्यानंतरचे रायरीचे वैभव सर्वपरिचित आहे: रायगड हे नाव, हिरोजी इंदुलकरांचे बांधकाम, 6 जून 1674 चा राज्याभिषेक. कांगोरीचा मंगळगड झाला आणि पेशवाईत तो कैदखाना म्हणून वापरला गेला. साताऱ्याच्या छत्रपतींच्या घराण्यातले चतुरसिंग भोसले 1818 मध्ये तिथेच कैदेत वारले. त्याच वर्षी मे महिन्यात रायगड इंग्रजांनी घेतला. 1 जानेवारी 1981 रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

जिल्ह्यांच्या सीमांनी मोऱ्यांची आठवण मात्र तोडली आहे. जावळी आणि प्रतापगड सातारा जिल्ह्यात, रायरी, शिवथर, चंद्रगड आणि कांगोरी रायगड जिल्ह्यात. एकाच घराण्याची कथा दोन जिल्ह्यांत अर्धी अर्धी सांगितली जाते. चित्रपटांनी तिची आणखी अडचण केली. 2018 च्या ‘फर्जंद’पासून ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, उमरठच्या तानाजींवरचा ‘सुभेदार’ असे चित्रपट एकामागून एक आले. मूठभर मावळे आणि समोर परका शत्रू ही रचना प्रेक्षकांना आवडते आणि या चित्रपटांनी लहान मुलांना गडांची नावे शिकवली, हे मोठे काम आहे. पण ज्या मोहिमेत समोर परका कोणी नव्हता, कालचा सोबती होता, तिला असा गाजावाजा लाभलेला नाही. महाराजांच्या आयुष्यातला तो अतिशय अवघड निर्णय होता. तो सोपा करून दाखवल्याने महाराज मोठे होत नाहीत.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत रायगड आहे, प्रतापगड आहे. चंद्रगड आणि कांगोरी नाहीत. यादीचे स्वतःचे निकष असतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती इथल्या माणसांच्या विस्मृतीबद्दल. रायगडावर रोपवेने दहा मिनिटांच्या आत पोहोचता येते. चंद्रगडासाठी पोलादपूरहून ढवळे गाठावे लागते आणि तिथून रानातली उभी चढण. मोऱ्यांच्या किताबाची आठवण नावात अजून वागवणारा हा गड आहे. त्याच्या तटबंदीचे आणि टाक्यांचे नीट मोजमाप, नकाशा आणि मोऱ्यांच्या कागदपत्रांचे एकत्रित प्रकाशन ही कामे महाड आणि पोलादपूरच्या संस्थांनी हाती घेण्यासारखी आहेत. त्यांसाठी युनेस्कोच्या शिक्क्याची वाट पाहण्याचे कारण नाही.