तारापूरच्या इंधनाची परवड

देशातले पहिले अणुवीज केंद्र पालघरच्या किनाऱ्यावर, तारापूरला, २८ ऑक्टोबर १९६९ रोजी रीतसर वीज देऊ लागले. जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या त्या दोन अणुभट्ट्या साध्या पाण्यावर चालतात आणि म्हणून त्यांना समृद्ध युरेनियम लागते. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ चे प्रमाण जेमतेम ०.७ टक्के, तारापूरला ते अडीच टक्क्यांच्या आसपास हवे. एवढा फरक पडण्यासाठी युरेनियमचा वायू करून तो सेंट्रिफ्यूजच्या रांगांतून किंवा सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून पुन्हापुन्हा न्यावा लागतो. हीच प्रक्रिया लांबवली की बॉम्बचा माल हाती येतो. त्यामुळे हे तंत्र कोणी सहजी देत नाही.

१९६३ च्या करारात अमेरिकेने तीस वर्षे इंधन देण्याचे कबूल केले होते. मे १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला आणि १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला: ज्या देशाची सगळी अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला इंधन नाही. करार आधीचा, कायदा नंतरचा, तरी कायदाच वरचढ ठरला. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी पाठवू घातलेले ३८ टन इंधन सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी कसेबसे वाचले. मुंबईला वीज देणाऱ्या केंद्राचे भवितव्य वॉशिंग्टनमधल्या दोन मतांवर लोंबकळावे, याहून मोठे परावलंबन कोणते?

१९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला. १९९३ मध्ये मूळ कराराची मुदत संपल्यावर फ्रान्सनेही हात आखडता घेतला. मग १९९५ मध्ये चीन, २००१ मध्ये इतर पुरवठादार देशांच्या आक्षेपांना न जुमानता रशिया. दरम्यान भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम मिसळलेले इंधन तयार केले आणि नव्वदच्या दशकात त्याचे काही जुडगे तारापूरच्या भट्टीत घालून चालवून दाखवले. त्या कामाची पुरेशी वाहवा मराठीत झालीच नाही, याची मला खंत वाटते.

म्हैसूरजवळ रत्तेहळ्ळीला आपला सेंट्रिफ्यूज कारखाना आहे, तरी तारापूरसाठी समृद्ध युरेनियम बाहेरूनच आणावे लागले. हैदराबादेत त्याच्या गोळ्या आणि जुडगे बनले. तयार परदेशी भट्ट्या घेतल्या म्हणून होमी भाभांना दोष देणे मला पटत नाही. अणुवीज शक्य आहे, हे त्यांना लवकर दाखवायचे होते. पुढचा कार्यक्रम त्यांनी जड पाणी आणि नैसर्गिक युरेनियमवर आखला, ही खरी दूरदृष्टी. २००५-०६ मध्ये तारापुरातच सुरू झालेल्या ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या त्याच मार्गावरच्या आहेत आणि त्यांचे इंधन देशातलेच आहे.