प्रवासी ट्रेलर व कर्षक वाहन
मोटारगाडीस मागे जोडून ओढून न्यावयाचे, झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले चाकांवरील घर म्हणजे प्रवासी ट्रेलर. ब्रिटनमध्ये यास कॅरव्हॅन म्हणतात. तो ओढणाऱ्या मोटारगाडीस कर्षक वाहन असे म्हणतात. या दोहोंची सांगड घालताना केवळ एंजिनाची शक्ती पाहणे पुरेसे नसते. ट्रेलर ओढता येणे आणि तो सुरक्षितपणे आवरता येणे या भिन्न गोष्टी आहेत.

मर्यादा : कर्षक वाहनाचा उत्पादक सामान्यतः पुढील मर्यादा ठरवून देतो : ओढावयाच्या ट्रेलरचे कमाल वजन (कर्षणक्षमता), वाहनाने स्वतःवर वाहावयाचा कमाल भार (भारक्षमता), वाहन व ट्रेलर यांचे मिळून कमाल वजन आणि जोडावर पडणारा कमाल भार (जोडभार). यांपैकी जी मर्यादा प्रथम गाठली जाते, तीच निर्णायक होय. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये कर्षणक्षमता ठरविण्यासाठी जे २८०७ हे मानक प्रसिद्ध केले. त्यातील एक कसोटी ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळील लांब चढावर आधारलेली असून ती वातानुकूलन चालू ठेवून घेतात.

जोडभार : ट्रेलरचा गुरुत्वमध्य आसाच्या किंचित पुढे असावा लागतो. तो मागे गेल्यास वेग वाढताच ट्रेलर बाजूंना झोके घेऊ लागतो व वाहन ताब्याबाहेर जाण्याचा संभव असतो. म्हणून अमेरिकेत ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५% इतका जोडभार इष्ट मानतात. यूरोपात हे प्रमाण बरेच कमी असते. जोडभार अतिरिक्त झाल्यास वाहनाचा मागील भाग दबतो, पुढील चाकांवरील भार घटतो व दिशानियंत्रण बिघडते.

उदाहरण : एका वाहनाचे स्वतःचे वजन २,२०० किग्रॅ., भारक्षमता ६०० किग्रॅ., कर्षणक्षमता २,७०० किग्रॅ. आणि ट्रेलरसह कमाल वजन ५,००० किग्रॅ. आहे, असे समजू. प्रवासी व सामान मिळून ४०० किग्रॅ. आणि भरलेला ट्रेलर २,३०० किग्रॅ. असल्यास एकूण वजन ४,९०० किग्रॅ. होते, म्हणजे कर्षणक्षमता व एकत्रित मर्यादा या दोन्ही पाळल्या जातात. परंतु १२% प्रमाणे जोडभार २७६ किग्रॅ. होतो व तो वाहनावरच पडतो. परिणामी वाहनावरील भार ६७६ किग्रॅ. होऊन भारक्षमता ओलांडली जाते. जाहिरातीतील कर्षणक्षमतेवर विसंबणाऱ्यांची फसगत बहुधा येथेच होते.

दक्षता : ट्रेलरचे रिकामे वजन हिशोबात धरू नये. पाणी, गॅसच्या टाक्या व सामान यांमुळे ते बरेच वाढते, १५० लि. पाण्याचेच वजन १५० किग्रॅ. भरते. सामान भरल्यावर वजनकाट्यावर प्रत्यक्ष वजन करणे हाच खात्रीचा मार्ग होय. भार विभागणाऱ्या जोडामुळे जोडभाराचा काही अंश पुढील चाकांवर व ट्रेलरच्या आसावर जातो. मात्र त्याने उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादा वाढत नाहीत. भरलेल्या ट्रेलरचे वजन वाहनाच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक नसावे, असा ब्रिटनमध्ये नवशिक्यांसाठी संकेत आहे. तो कायदा नव्हे. उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने साध्या एंजिनाची शक्ती घटते; म्हणून डोंगराळ मार्गावर मर्यादेच्या आत काही वजन राखून ठेवणे श्रेयस्कर असते.