स्नानगृहातील फरशी व शॉवर

स्नानगृहातील फरशी व शॉवर यांचे नियोजन हा घरबांधणीतील महत्त्वाचा टप्पा आहे. पुण्यातील जुन्या वाड्यांच्या न्हाणीघरांत शहाबादी फरशी, बंब आणि घंगाळ असे. सदनिकांमध्ये त्यांची जागा सिरॅमिक फरशी, गीझर आणि शॉवर यांनी घेतली. सदनिकेच्या स्नानगृहाखाली बहुधा दुसऱ्याचे घर असते. त्यामुळे गळतीचा उपद्रव शेजाऱ्यास होतो व दुरुस्तीसाठी अनेकदा फरशी फोडावी लागते.

कामाचा क्रम
प्रथम भिंतीतील नळ दाबाखाली तपासतात. त्यानंतर जलरोधक थर देऊन, निचऱ्याचे तोंड बंद करून पाणी साठवतात व खालच्या छतास ओल येते का, हे पाहतात. ओल नसल्यासच फरशी बसवतात. फरशीला जाळीकडे दर मीटरला सुमारे १ ते १.५ सेंमी ढाळ देतात. जाळीखालील ‘नहाणी ट्रॅप’मध्ये साचलेले पाणी सांडपाण्याची दुर्गंधी अडवते. पाय घसरू नये म्हणून खरखरीत फरशी निवडतात.

शॉवर
गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी शॉवरपेक्षा १० मीटर उंच असल्यास सुमारे १ बार दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर तो बराच कमी असतो. तेथे दाबवर्धक पंपाची गरज फरशी बसवण्यापूर्वीच ठरवावी लागते.