नदीच्या वाळूंतील शार्कचे दांत

अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत पीस नांवाची एक नदी आहे. हिंवाळ्यांत तिचें पाणी उतरलें, कीं लोक चाळण्या घेऊन पात्रांत शिरतात आणि वाळू चाळून काळे, चकचकीत, त्रिकोणी दांत वेंचतात. समुद्रापासून कित्येक कोस आंत, गोड्या पाण्यांत, शार्कचे दांत आले कोठून?

एके काळीं हा प्रदेश उथळ समुद्राखालीं होता. शार्कचा, म्हणजे आपले कोळी ज्याला मुशी म्हणतात त्या कुळांतील माशाचा, सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. तो बहुधा कुजून जातो. दांत मात्र कठीण, आणि ते जन्मभर पडून पुनः येत असल्यामुळें विपुल. गाळांत पुरलेल्या दांतांत खनिजें मुरतात व त्यांचा दगड बनतो. पुढें नदी ते थर पोंखरून दांत मोकळे करते.

युरोपांत असले दगड पूर्वीं ‘जिव्हापाषाण’ म्हणून विषहारक मानीत. १६६६ सालीं इटलींत लिव्होर्नोजवळ पकडलेल्या प्रचंड शार्कचें डोकें स्टेनो या शास्त्रज्ञानें तपासलें, आणि हे दगड म्हणजे शार्कचे दांतच होत, असें १६६७ सालीं प्रतिपादिलें.

आतां हातीं आलेला दांत ओळखावा कसा? प्रथम भिंगानें कडा पाहावी. कडा सर्वत्र बारीक व सारखी दंतुर, दांत जाड व रुंद, आणि पातें व मूळ यांमध्यें गडद पट्टा असेल, तर तो मेगॅलोडॉनचा. हा राक्षसी मासा सुमारें ३६ लक्ष वर्षांपूर्वीं नामशेष झाला. त्याचा दांत १७ सेंटिमीटरांपर्यंत भरतो. कडेस खोल खांच व खांचेखालीं दंतुरता ठळक असेल, तर तो व्याघ्र-शार्कचा. दंतुरता ठळक असून टोंकापूर्वींच संपत असेल, तर तो हेमिप्रिस्टिसचा. या कुळांतील एक मासा हिंदी महासागरांत आजही आहे. गुळगुळीत कडांचा, सुईसारखा निमुळता आणि बाजूंस चिमुकले सुळे असलेला दांत वाळू-शार्कचा.

दोन गोष्टी मात्र ध्यानांत ठेवाव्या. एकाच माशाचे वरचे व खालचे दांत पुष्कळदां निराळे असतात. म्हणून एका लक्षणावरून निर्णय करूं नये. तसेंच रंगावरून वय ठरवूं नये. रंग बहुधा गाळांतील खनिजांचा असतो.

वयाविषयीं तर नदी फार फसविते. पीस नदीच्या एकाच चाळणींत समुद्रांतील शार्कचा दांत आणि कितीतरी नंतरच्या हिमयुगांतील मॅमथ हत्तीच्या दाढेचा तुकडा शेजारीं येतात. म्हणून ते समकालीन ठरत नाहींत. यास्तव कांठावरील थरांत रुतलेला दांत दिसल्यास तो घाईनें उपटूं नये. आधीं छायाचित्र घ्यावें, जागा व थर टिपून ठेवावा आणि जाणत्यास दाखवावा. एकदां उपटल्यावर तो कोणत्या थरांतील, हें पुढें कोणासही सांगतां येत नाहीं.