आमटी खारट झाली, आता?

पाहुणे यायला अर्धा तास उरलेला असतो आणि आमटीची चव घेणाऱ्याचा चेहरा वाकडा होतो. बहुतेक घरांत कारण एकच. सासूबाईंनी मीठ घातलेले असते आणि सूनबाईंना वाटते, राहिलेच असेल. मग बटाटा टाका, कणकेचे गोळे सोडा, गूळ घाला, लिंबू पिळा अशी धावपळ सुरू होते. दवाखान्यात कोणी पदार्थ घेऊन येत नाही, खाऊन येतात. तेव्हा या धावपळीकडे डॉक्टरच्या नजरेनेही एकदा पाहू या.

बटाटा मीठ ओढून घेतो, ही समजूत घरोघरी आहे. प्रत्यक्षात तो खारट पाणीच शोषतो. उरलेल्या रसाचा खारटपणा जवळपास तेवढाच राहतो. बटाटा काढून टाकला तर त्याच्याबरोबर थोडे मीठ जाते, इतकेच. गूळ आणि लिंबू तर जिभेला फसवतात. चव बरी लागते, मीठ मात्र सगळे आमटीतच असते.

हिशोब करून पाहा. चहाचा एक सपाट चमचा मीठ म्हणजे साधारण 5 ते 6 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसभरात सगळे मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. सहा माणसांच्या आमटीत दोन चमचे जास्त पडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 2 ग्रॅम जादा येते. शिवाय पानात पापड, लोणचे, चटणी असतेच. तरण्याताठ्या माणसाला फार तर तहान लागेल. पण पंगतीला रक्तदाबाचे व्याही असतात, मूत्रपिंड अधू झालेले काका असतात. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला जड जेवणानंतर रात्री धाप लागली, पायांवर सूज आली म्हणून नातेवाईक घाईने घेऊन येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. ‘काय खाल्ले होते?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘काही विशेष नाही, घरचेच’ असे असते!

यावर खरा उपाय एकच, आमटी वाढवणे. अर्धी आमटी काढून ठेवा, कुकरला बिनमिठाची डाळ लावा, घोटून उरलेल्या अर्ध्या आमटीत मिसळा आणि उकळी आणा. काढलेली आमटी लगेच फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी अशीच वापरा. भातात, कोशिंबिरीत मीठ घालू नका आणि त्या दिवशी पापड-लोणचे पानात वाढू नका, मागेल त्याला द्या. मधुमेही पाहुणा असेल तर गुळाचा खडा टाकण्याआधी त्याची आठवण ठेवावी.

तिखट जास्त झाले तर पाणी ओतून उपयोग नाही. मिरचीतला तिखट अंश पाण्यात फारसा विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. म्हणून ओले खोबरे, दाण्याचे कूट, साय घालावी. करपलेला भात खरवडू नये. वरवरचा अलगद दुसऱ्या पातेल्यात काढावा.

इथवर प्रश्न चवीचा झाला. पण सकाळी करून ओट्यावर झाकून ठेवलेला मसालेभात संध्याकाळी किंचित आंबूस लागला, तर त्याला वरून फोडणी देऊन वाचवू नका. भात शिजला तरी काही जंतूंची बीजे त्यात जिवंत राहतात. उबेत ती वाढतात, विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. हात लावून कुस्करलेल्या बटाट्याच्या भाजीचे, खव्याच्या मिठाईचे असेच. वास येत नाही म्हणून पदार्थ चांगला, असेही नसते. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, उन्हाळ्यात तासभरच. आंबू लागलेल्या दुधात चिमूटभर सोडा घालण्याची युक्ती तर सोडूनच द्या. सोड्याने आंबटपणा मरतो, जंतू नाहीत. असे काही फेकावे लागले तर पिठले-भात अर्ध्या तासात होतो आणि व्याही तो आवडीने खातात.

जेवणानंतर एक ते सहा तासांत दोघातिघांना एकदमच उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा असे विषच कारण असते. जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून घोट घोट पाजावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घ्यावे. लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गर्भवती असेल, शौचात रक्त दिसले, सहा तास लघवी झाली नाही किंवा ग्लानी आली, तर घरी वाट पाहू नका. रात्र असली तरी डॉक्टरांकडे न्या, आणि उरलेला पदार्थ झाकून बाजूला ठेवा. दुसऱ्या कोणी तो खाऊ नये आणि डॉक्टरांनी विचारले तर दाखवता यावा.